एका नावाच्या दोन आवृत्त्या

नवी आवृत्ती आली की जुनी निकालात निघाली, असा एक समज संगणकाने आपल्या सर्वांच्या मनात रुजवला आहे. पुस्तकांच्या बाबतीत आपण असे मानत नाही. कवीने उत्तरायुष्यात संग्रहाची सुधारलेली आवृत्ती काढली तरी पहिल्या आवृत्तीसाठी रद्दीची दुकाने पालथी घालणारे वाचक असतात, आणि त्यांना कोणी मागासलेले म्हणत नाही. संगणकाच्या राज्यात मात्र जुन्याला धरून राहणे हा आळस ठरतो, क्वचित अपराधही. सुरक्षेच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे हे आम्ही नाकारत नाही. तरीही आमच्या टेबलावरील लिनक्सच्या यंत्रात एकाच भाषेच्या दोन आवृत्त्या आम्ही बरीच वर्षे शेजारी शेजारी नांदवत आहोत. ह्या संसारातून जे उमगले ते साहित्याच्या वाचकांसमोर ठेवावेसे वाटते. कारण प्रश्न दिसायला तांत्रिक असला तरी त्याचे गोत्र पाठभेदाचे आहे.

भाषा म्हणजे पायथन. गिडो व्हान रॉसम ह्या डच गृहस्थाने ती १९९१ मध्ये प्रथम लोकांसमोर ठेवली. नाव सापावरून आलेले नाही, 'माँटी पायथन' ह्या ब्रिटिश विनोदी मंडळीवरून आले आहे. २००० साली तिची दुसरी आवृत्ती आली आणि ३ डिसेंबर २००८ रोजी तिसरी. दुसरीवरून तिसरीवर जाताना कर्त्यांनी एक असाधारण निर्णय घेतला: जुन्या चुका सुधारायच्या, त्यापायी जुने लेखन चालेनासे झाले तरी बेहत्तर. परिणामी दुसरीत लिहिलेली आज्ञावली तिसरीत बहुधा पहिल्या काही ओळींतच अडते. जगभरच्या लेखकांना आपापले लेखन नव्याने उतरवायला आधी २०१५ पर्यंतची मुदत होती. ती अपुरी पडते असे दिसल्यावर २०१४ मध्ये ती २०२० पर्यंत वाढवण्यात आली. १ जानेवारी २०२० ला दुसरीचा आधार काढून घेतला गेला, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये २.७.१८ ही तिची अखेरची आवृत्ती निघाली. त्यानंतर दुसरी पायथन ही मृत भाषा. मृत भाषांचे ग्रंथ मात्र मरत नाहीत, ही आपल्या अनुभवाची गोष्ट आहे.

ह्या बदलाची सर्वांत खोल जखम आणि सर्वांत मोठा उपकार, दोन्ही आपल्या लिपीशी निगडित आहेत. 'मराठी' हा शब्द दुसऱ्या पायथनला दिला आणि त्याची लांबी विचारली तर ती सांगे: पंधरा. तिच्या दृष्टीने तो शब्द नव्हताच. पंधरा बाइटांची एक माळ होती. युनिकोडच्या यूटीएफ-८ ह्या रूपात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते, हा त्याचा हिशेब. तिसऱ्या पायथनला तोच प्रश्न केला तर उत्तर येते: पाच. म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. शाळेतल्या मुलाला विचारले तर तो तीन अक्षरे सांगेल, आणि खरा तोच. पण पंधरावरून पाचवर येणे ही लहान मजल नव्हे. दुसरीत युनिकोडची सोय होती, परंतु ती मागून घ्यावी लागे. आणि बाइटांची माळ व युनिकोडचा मजकूर अनवधानाने एकत्र आले की यंत्र 'अमुक बाइट आस्कीत बसत नाही' असे सांगून जागीच थांबे. देवनागरीच्या वाट्याचा पहिला बाइट नेहमी तोच असल्यामुळे त्या काळी मराठी मजकुरावर काम करणाऱ्या सर्वांना तो नावानिशी ठाऊक होता.

आता आमच्या घरची गोष्ट. आमची आत्या अमरावती जिल्ह्यात शिक्षिका होती. निवृत्तीनंतर तिने वऱ्हाडी शब्दांच्या वह्या भरायला घेतल्या. शब्द, त्याचा अर्थ, तो कोणाच्या तोंडून ऐकला, आणि एखादे वाक्य. २००७ मध्ये ह्या वह्या टंकून झाल्यावर त्यांची वर्णानुक्रमे सूची करण्याचे काम आमच्याकडे आले आणि आम्ही तेव्हाच्या पायथन २.५ मध्ये एक छोटी आज्ञावली लिहिली. वर्णानुक्रम लावणे यंत्राला येतेच, असे वाटण्याचा संभव आहे. यंत्राला येतो तो युनिकोडचा क्रम. त्यात 'ळ' हा 'ल' आणि 'व' ह्यांच्या मध्ये बसतो. आपल्या वर्णमालेत तो 'ह'च्या पुढे येतो. आणि आत्याला ह्यांपैकी काहीच नको होते. वऱ्हाडीत पुष्कळ ठिकाणी 'ळ'चा 'य' होतो: डोळ्याचा डोया, शाळेची शाया. तिच्या वहीत दोन्ही रूपे होती, आणि तिचे सांगणे असे की, "डोया आन् डोळा एकाच घरचे हायेत, त्यायले एकाजवळ एक बसव." म्हणून आमच्या आज्ञावलीत दोन शब्दांची तुलना करणारा सात-आठ ओळींचा एक तुकडा होता. तुलना करताना 'ळ'ला 'य' समजायचे. तरीही शब्द सारखेच ठरले तर आधी 'य'चे रूप, मग 'ळ'चे. कोशरचनेचे एक संपूर्ण मत त्या सात-आठ ओळींत मावले होते, आणि ते मत आमचे नव्हते, आत्याचे होते.

शब्द अगदी एकरूपच असले तर काय करायचे, हाही प्रश्न होता. 'काया' म्हणजे काळा आणि 'काया' म्हणजे शरीर. दोन्ही वहीत स्वतंत्र नोंदलेले. अशा वेळी वहीत जो आधी आला तो सूचीतही आधी यावा, एवढीच अपेक्षा. २००३ सालच्या २.३ ह्या आवृत्तीपासून पायथनचा क्रमवारी लावण्याचा विधी हे अभिवचन पाळतो: बरोबरीच्या दोघांचा मूळ क्रम तो मोडत नाही. अशी अभिवचने कोठे जाहिरातीत येत नाहीत. पण एखाद्या आवृत्तीवर विसंबणे म्हणजे प्रत्यक्षात अशाच लहानसहान अभिवचनांवर विसंबणे असते.

सूची छापून आम्ही आत्याला दिली. पानाला चाळीस ओळी, ओळीला एक शब्द. पुढची सात वर्षे, २०१४ मध्ये ती गेली तोपर्यंत, ती त्या छापील प्रतीवर आणि एका वेगळ्या चोपडीत दुरुस्त्या करत राहिली. चोपडीतील नोंदी अशा आहेत: 'पान १२, ओळ ७: हा अर्थ बायकांच्या बोलण्यात नाही.' 'पान ३१, ओळ २२: हा शब्द आता कोणी म्हणत नाही, मीच शेवटची.' शब्द कोणता ते तिने लिहिलेले नाही. लिहिण्याची गरजही नव्हती, कारण सूची समोर होती. छापील प्रतीची मधली काही पाने पुढे वाळवीने खाल्ली. म्हणजे 'पान ३१, ओळ २२' ह्या नोंदीला अर्थ हवा असेल तर तीच सूची, त्याच क्रमाने, एकही ओळ इकडेतिकडे न होता पुन्हा निघाली पाहिजे. एक शब्द वर सरकला की त्यापुढील प्रत्येक नोंद भलत्याच शब्दाला जाऊन चिकटते. कोणता शब्द म्हणणारी ती शेवटची होती, हे मग कोणालाच कळणार नाही.

जाणकार म्हणतील, एवढे काय? आज्ञावली तिसऱ्या पायथनमध्ये उतरवून घ्या. उतरवणे अवघड नाही, एका संध्याकाळचे काम आहे. परंतु काय काय बदलते ते पाहावे. आमचा तुलनेचा तुकडा क्रम लावणाऱ्या विधीला ज्या रीतीने दिला जाई ती रीतच तिसऱ्या आवृत्तीतून काढून टाकली आहे. तेच काम दुसऱ्या साधनाच्या आडवळणाने करावे लागते. पानाचा आकडा काढताना आम्ही ओळीच्या क्रमांकाला चाळिसाने भागत असू. शून्यापासून मोजल्यास ९९ क्रमांकाच्या ओळीसाठी दुसरी पायथन भागाकार २ सांगे, त्यात एक मिळवला की तिसरे पान. तिसरी पायथन त्याच चिन्हाला खरा भागाकार समजते आणि २.४७५ सांगते, मग पान येते ३.४७५. गणित तिसरीचे शुद्ध आहे, पण पुस्तकाला ३.४७५ वे पान नसते. हा दोष निदान डोळ्यांना दिसतो. जे दिसत नाहीत त्यांचे काय? जुने लेखन आपोआप नवे करून देणारे एक साधन पायथनबरोबरच मिळत असे. २०२४ च्या ३.१३ ह्या आवृत्तीपासून तेही वगळले आहे. भाषांतर बिनचूक उतरले की नाही हे ठरवण्याचा एकच विश्वासार्ह मार्ग उरतो. मूळही चालवावे, भाषांतरही चालवावे, आणि दोघांचे म्हणणे ओळीशी ओळ लावून पाहावे. त्यासाठी दोन्ही आवृत्त्या एकाच छपराखाली हव्यात.

आणि येथे लिनक्सचा खरा खेळ सुरू होतो, कारण घरात माणसे दोन आणि नाव एकच. कळफलकावर आपण 'पायथन' असे टंकतो तेव्हा यंत्र काही विचार करत नाही. त्याच्याजवळ फोल्डरांची एक क्रमवार यादी असते, तिला 'पाथ' म्हणतात. त्या यादीतील पहिल्या फोल्डरात त्या नावाची फाइल आहे का, नसेल तर दुसऱ्यात, असे पाहत जायचे आणि प्रथम जी सापडेल ती चालवायची. खरा पायथन कोणता ह्या प्रश्नाला यंत्राचे उत्तर एवढेच: जो वाटेत आधी भेटला तो. शिवाय आज्ञा घेणारा बॅश हा दुभाषा एकदा सापडलेला पत्ता लक्षात ठेवतो, त्यामुळे नवी आवृत्ती बसवल्यावरही तो क्वचित जुन्याच दारावर जाऊन उभा राहतो. 'विसर' असे त्याला स्पष्ट सांगावे लागते.

ह्या नावावरून झालेला वादही वाचनीय आहे. आर्च लिनक्सने २०१० मध्येच 'पायथन' हे बिनआकड्याचे नाव तिसरीला देऊन टाकले. पुढच्याच वर्षी पायथनच्या मंडळींनी सल्ला दिला की हे नाव तूर्त दुसरीकडेच असावे. म्हणजे आज्ञावलीच्या पहिल्या ओळीत 'मला पायथनकडून चालवा' असे लिहिले असेल, तर त्या वाक्याचा अर्थ एका यंत्रावर एक आणि दुसऱ्यावर दुसरा. डेबियन आणि तिची लेक उबुंटू ह्यांनी अखेर मोठा शहाणा तह केला. उबुंटू २०.०४ आणि डेबियन ११ ह्यांपासून बिनआकड्याचे नाव मुळात कोणालाच नाही. तिसरीला 'पायथन३' म्हणायचे. ज्याला जुन्या नावाचा मोह सुटत नाही त्याच्यासाठी 'पायथन म्हणजे पायथन३' अशाच अर्थाच्या नावाचे एक पुडके वेगळे ठेवले आहे.

वाचकांपैकी ज्यांनी लिनक्सवर जावा वापरली असेल ते विचारतील की डेबियनची 'अल्टरनेटिव्ह्ज' ही व्यवस्था येथे का नको. ती व्यवस्था सुंदर आहे खरी. नाव ही एक खुर्ची. तिच्यावर कोण बसले आहे हे दाखवणारा एक दुवा. उमेदवारांची क्रमांकित यादी, बसलेल्यापुढे तारकाचिन्ह, आणि आपण दुसरा क्रमांक दिला की खुर्चीवर दुसरा. पण खुर्चीवर कोणीही बसले तरी कारभार तोच चालेल, हे तिचे गृहीत आहे. संपादनाची साधने परस्परांच्या जागी येऊ शकतात, जावाच्या आवृत्त्याही बहुतांशी येतात. पायथनच्या दोन आवृत्त्या तशा नाहीत, आणि डेबियनने पायथनला ह्या व्यवस्थेत घेतलेले नाही. शिवाय लिनक्सची स्वतःची अनेक अवजारे पायथनमध्येच लिहिलेली असतात. रेड हॅट घराण्यातील जुन्या वितरणांत नवी पुडकी बसवणारे 'यम' हे अवजार तसेच होते; एखाद्या उत्साही माणसाने व्यवस्थेचे 'पायथन' नाव तिसरीला दिले की 'यम' बंद पडे, आणि झालेले नुकसान भरून काढायचे साधनच हातचे जाई.

ह्यातून आम्ही जी घरव्यवस्था बसवली ती तीन मजली आहे. तळमजल्यावर यंत्राचा स्वतःचा पायथन. त्याला आम्ही हात लावत नाही. नव्या वितरणांनी हा शहाणपणा आता नियमातच आणला आहे. डेबियन १२ पासून व्यवस्थेच्या पायथनमध्ये बाहेरची पुडकी भरायला गेल्यास 'हा परिसर दुसऱ्याच्या व्यवस्थापनाखाली आहे' असे सांगून नकार मिळतो. नकार मोडण्याची किल्ली आहे, पण तिचे नावच मुळी 'व्यवस्थेची पुडकी मोडा' असे आहे. सही करण्यापूर्वी वाचावाच लागेल असा मजकूर किल्लीच्या नावातच लिहिणारा जो कोणी असेल, त्याला आमचा नमस्कार.

मधल्या मजल्यावर 'पायएन्व्ह' नावाचे साधन. ते आमच्याच घरच्या फोल्डरात वेगवेगळ्या आवृत्त्या मूळ संहितेपासून घडवून ठेवते. २.७.१८ ही अशीच घडवलेली आहे, कारण डेबियन १२ मध्ये दुसरी पायथन तयार मिळत नाही. हे साधन पाथच्या अग्रभागी आपला एक द्वारपाल बसवते. कोणी 'पायथन' म्हटले की हा द्वारपाल आपण उभे असलेल्या फोल्डरात एक चिठ्ठी शोधतो. नसेल तर वरच्या फोल्डरात, मग त्याच्या वरच्या. चिठ्ठीत जो आकडा असेल त्या आवृत्तीकडे तो पाहुण्याला नेतो. एकाच नावाचा अर्थ काय हे सबंध यंत्रासाठी एकदाच ठरवण्याचा हट्ट त्याने सोडला आहे. ज्या खोलीत आपण उभे आहोत त्या खोलीची चिठ्ठी सांगेल तो अर्थ. शब्दाचा अर्थ संदर्भावर अवलंबून असतो, हे आमच्या साहित्यशास्त्राला नवे नाही. संगणकाला ते कळण्यास थोडी वर्षे लागली इतकेच.

वरच्या मजल्यावर प्रत्येक कामाचा स्वतंत्र संसार, ज्याला 'आभासी पर्यावरण' म्हणतात. २०१२ च्या ३.३ ह्या आवृत्तीपासून पायथनबरोबरच त्याची सोय येते. एका कामाची पुडकी दुसऱ्या कामाच्या पुडक्यांना दिसत नाहीत. वेगळ्या चुली केल्या की भांडणे संपतात, हे ज्यांनी एकत्र कुटुंबे पाहिली आहेत त्यांना सांगायला नको.

ह्या व्यवस्थेत आम्ही आत्याची सूची दोनदा काढली, एकदा जुन्या आज्ञावलीने आणि एकदा नव्या. दोन फाइलींतील फरक दाखवणारे 'डिफ' नावाचे साधन दोन्ही एकरूप असतील तर काहीच बोलत नाही. ते गप्प राहिले तेव्हा 'पान ३१, ओळ २२' वर कोणता शब्द आहे ते आम्ही पाहिले. तो शब्द येथे लिहीत नाही. त्याचे स्थान कोशात आहे.

मग आता तरी जुनी आवृत्ती काढून टाकावी की नाही? येथे आम्हांला ग्रंथसंपादकांची आठवण होते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. महाराष्ट्रावर हा केवढा उपकार, ते सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु त्यांनी कोणते पाठ त्याज्य ठरवले त्यांची यादी मागे राहिली नाही. म्हणून पुढे १९०९ मध्ये राजवाड्यांसारख्याला एकनाथपूर्व वाटलेली पोथी हाती येताच ती छापून काढण्याची तळमळ लागली. उलट पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत स्वीकारलेला पाठ वर आहे आणि नाकारलेले पाठ त्याच पानावर तळाशी आहेत. सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांशी ज्याचे पटणार नाही त्याला वाद घालण्याचे साहित्य त्यांनीच पुरवून ठेवले. शुद्ध करणे आणि पुसून टाकणे ही दोन वेगळी कर्मे आहेत, हा त्या तळटीपांचा धडा.

नवी आवृत्ती सर्वार्थाने शुद्ध असतेच असेही नाही. मजकुरातून शब्द वेगळे काढण्यासाठी पायथनमध्ये 'शब्दातील चिन्ह' ह्या अर्थाची एक खूण आहे. तिसऱ्या पायथनला ती खूण देऊन 'मराठी'तील शब्द काढायला सांगितले तर ती 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे हातावर ठेवते, कारण काना आणि वेलांटी ही तिच्या लेखी शब्दातील चिन्हे नव्हेत. पंधरा बाइटांची माळ पाहणारी ती, आणि 'मर', 'ठ' पाहणारी ही. दोघींपैकी एकीलाही आपली लिपी पुरती उमगलेली नाही. हिला अधिक उमगली आहे, एवढेच. सुधारणा अशीच होते, टप्प्याटप्प्याने. आणि टप्पे मोजायचे तर मागचे मैलाचे दगड जागेवर असावे लागतात.

जुन्याची भीती बाळगायची ती योग्य ठिकाणी. आमच्या २.७.१८ ला बाहेरच्या जगाशी काही देणेघेणे नाही. ती एक फाइल वाचते, एक फाइल लिहिते. जे काम आंतरजालाशी बोलते ते सर्व तिसरीकडे आहे, आणि तिची आवृत्ती आम्ही वेळच्या वेळी बदलतो. नव्याने काही लिहायचे तर तेही तिसरीतच. दुसरीकडे फक्त साक्षीदाराचे काम. नवी सूची कोणी बदलली, एखादा शब्द घातला किंवा क्रम सुधारला, तर मूळ काय होते हे ती सांगेल. साक्षीदार वृद्ध आहे, नवे काही शिकणार नाही, आणि साक्षीदाराच्या अंगी हा गुणच म्हटला पाहिजे.

आत्याच्या वह्यांच्या फोल्डरात द्वारपालासाठी आम्ही एक चिठ्ठी ठेवली आहे. तिच्यात एकच ओळ आहे: २.७.१८. शेजारी साध्या मजकुराची एक फाइल आहे. हा आकडा का, 'ळ'ला 'य' का समजायचे, आणि चोपडीतील पान-ओळ कोणत्या सूचीची, हे तिच्यात मराठीत लिहून ठेवले आहे. यंत्राला ती फाइल लागत नाही. आमच्यानंतर हे फोल्डर जो उघडेल त्याला लागेल.